आयफेलशेजारी अस्वल: पॅरिसमध्ये मॅस्कॉटचे फोटो कसे काढायचे

आयफेल टॉवर ३३० मीटर उंच, आपला मॅस्कॉट म्हणजे सोबत नेलेलं कापडी अस्वल १५ सेंमी. दोघांची जोडी फोटोत जमवायची तर सगळा खेळ अंतराचा. टॉवरसमोर नदीपलीकडे असलेल्या त्रोकादेरोच्या गच्चीवर अस्वल लेन्सपासून ३० सेंमीवर धरलं की ते जवळजवळ टॉवरएवढं दिसतं. पण इतक्या जवळ फोकस धरला की मागचा टॉवर विरघळून जातो. ६० सेंमीवर न्या; अस्वल निम्मं दिसेल, पण टॉवर बराच स्पष्ट येईल. पोर्ट्रेट मोड बंदच ठेवा. तो टॉवर मुद्दाम धूसर करतो, वर अस्वलाच्या कानांवरची लवही कापून टाकतो.

त्रोकादेरोला सकाळी जाऊ नका. ऊन टॉवरच्या मागून येतं आणि अस्वल काळंठिक्कर पडतं. सकाळी टॉवरच्या दुसऱ्या बाजूला शाँ द मार्स बागेच्या हिरवळीवर जा, दुपार कलल्यावर त्रोकादेरो.

मऊ खेळणी हलकी असतात, झुळूक आली की तोंडावर आपटतात. म्हणून घरीच बुडाची शिवण ३ सेंमी उसवून तिथे वेल्क्रो लावा. पॅरिसला उतरल्यावर छोट्या पिशवीत दोन युरोची सहा नाणी घालून ती आत सरकवा. एक नाणं साडेआठ ग्रॅमचं, म्हणजे पन्नासेक ग्रॅम वजन झालं. नाणी आधीच भरली तर विमानतळावरच्या तपासणीत अस्वलाचं पोट उघडायची वेळ येऊ शकते. सीन नदीवरच्या पुलांच्या कठड्यावर मात्र एवढ्या वजनावर विसंबू नका. कमरेला मासेमारीचा पारदर्शक दोरा बांधा आणि दुसरं टोक मनगटाला.

नोत्र दामसमोरच्या फरशीत धातूची चांदणी असलेला दगड बसवलाय. पॅरिसपासूनची रस्त्यांची अंतरं तिथून मोजतात. अस्वल त्यावर बसवा आणि फोन उलटा धरा, म्हणजे लेन्स जमिनीलगत येईल. तसं केलं तर चर्चचे दोन्ही मनोरे डोक्यामागे उभे राहतात. उभ्याने काढला तर फोटोत नुसती फरशी आणि लोकांचे बूट.

लूव्रच्या काचेच्या पिरॅमिडसाठी मंगळवार बरा, कारण संग्रहालय बंद असल्याने आत जाणाऱ्यांची रांग नसते. इतर दिवशी आत गेलात तर फ्लॅश, सेल्फी स्टिक आणि ट्रायपॉड चालत नाहीत.

अंधार पडल्यावर टॉवर दर तासाच्या ठोक्याला पाच मिनिटं लुकलुकतो. तेव्हा अस्वल अंधारात हरवतं. सोबत्याच्या फोनचा टॉर्च पांढऱ्या टिश्यूच्या दोन घड्यांतून बाजूने त्याच्यावर पाडा. समोरून पाडलात तर काचेचे डोळे भुतासारखे चमकतात. मग स्क्रीनवर अस्वलाला स्पर्श करून फोकस पक्का करा आणि फोटोचा उजेड थोडा उतरवा. टॉवरची ही रोषणाई कॉपीराइटखाली येते: स्वतःच्या अल्बमला हरकत नाही, पण पोस्टकार्डं छापून विकायची तर परवानगी लागते.