क्वेश्चन टॅग लावताना या चुका टाळा

‘तू येतोस ना’, ‘ती गेली ना’, ‘पाऊस थांबला ना’. मराठीत कर्ता कोणताही असो, काळ कोणताही असो, एकटा ‘ना’ सगळं भागवतो. त्याच सवयीने आपण इंग्रजीतही ‘इझन्ट इट’ हे एकच शेपूट सगळीकडे जोडतो: ‘यू आर कमिंग टुमॉरो, इझन्ट इट?’ बोलताना समोरचा समजून घेतो, पण बारावीच्या पेपरात ‘ॲड अ क्वेश्चन टॅग’ विचारलं की मार्क गेलाच. तिथे ‘आरन्ट यू?’ हवं.

वाक्य होकारार्थी तर टॅग नकारार्थी आणि उलट, हा नियम बहुतेकांना पाठ असतो. गाडी अडते ती टॅगमध्ये येणारं सहायक क्रियापद (इज, हॅज, डझ, डिड वगैरे) ओळखण्यात, त्यामुळे अभ्यासाचा जास्त वेळ तिथेच द्या.

‘ही पुट द कीज ऑन द टेबल’ हे वाक्य घ्या. घाईत ‘डझन्ट ही?’ लिहिलं जातं. पण वर्तमानकाळ असता तर ‘ही’नंतर ‘पुट्स’ आलं असतं. ‘एस’ नाही, म्हणजे भूतकाळ, म्हणून ‘डिडन्ट ही?’. कट, हिट, शट, सेट यांची रूपंही भूतकाळात बदलत नाहीत. ‘रीड’चा उच्चार भूतकाळात ‘रेड’ होतो, स्पेलिंग मात्र तेच राहतं, म्हणून पेपरात तेही फसवतं.

दुसरी फसगत ॲपॉस्ट्रॉफीची. ‘शीज टायर्ड’मध्ये ‘इज’ दडलंय, म्हणून ‘इझन्ट शी?’. ‘शीज फिनिश्ड द वर्क’मध्ये ‘हॅज’ आहे, म्हणून ‘हॅजन्ट शी?’. तसंच ‘यूड बेटर गो’ला ‘हॅडन्ट यू?’ आणि ‘यूड रादर स्टे’ला ‘वुडन्ट यू?’. टॅग लिहिण्याआधी जोडरूप सोडवून पूर्ण लिहून पाहा. आणि ‘हॅज’ दिसलं की लगेच ‘हॅजन्ट’ लिहू नका: ‘शी हॅज टू लीव्ह अर्ली’ला ‘डझन्ट शी?’ लागतं.

‘नॉट’ नसतानाही वाक्य नकारार्थी असू शकतं. हार्डली, सेल्डम, नेव्हर, फ्यू, लिटल हे शब्द तसेच आहेत: ‘ही हार्डली स्पीक्स, डझ ही?’ मात्र ‘अ फ्यू’ आणि ‘अ लिटल’ होकारार्थी धरतात. एका ‘अ’ने टॅग उलटतो, तेव्हा तो डोळ्यांतून निसटू देऊ नका.

टॅगमध्ये नाव येत नाही, सर्वनाम येतं: ‘सचिन रिटायर्ड इन 2013, डिडन्ट ही?’ ‘एव्हरीबडी हॅज कम’ला ‘हॅवन्ट दे?’, कारण ‘दे’ आलं की ‘हॅज’चं ‘हॅव’ होतं. ‘नथिंग’ला ‘इट’. ‘देअर इज’ असेल तर ‘देअर’ तसंच राहतं. ‘लेट्स गो’ला ‘शॅल वी?’ आणि ‘आय ॲम लेट’ला ‘आरन्ट आय?’ हे तेवढे पाठच करा. ‘आय ॲम नॉट लेट’चा टॅग मात्र सरळ ‘ॲम आय?’ असा होतो.

‘आय थिंक ही इज राइट’मध्ये टॅग ‘इझन्ट ही?’, कारण आपण दुजोरा मागतोय तो ‘ही’बद्दलच्या म्हणण्याला. ‘शी थिंक्स ही इज राइट’ला मात्र ‘डझन्ट शी?’.

आता उत्तराकडे वळू. पुस्तकं यावर फार बोलत नाहीत, पण खऱ्या संभाषणात घोटाळा इथेच होतो. ‘तू येणार नाहीस ना?’ असं विचारलं तर आपण ‘हो, नाही येणार’ म्हणतो, म्हणजे विचारणाऱ्याच्या म्हणण्याला होकार देतो. इंग्रजीत ‘यस’ किंवा ‘नो’ आपल्या उत्तराशी जुळतं, प्रश्नाशी नाही. ‘यू आरन्ट कमिंग, आर यू?’ला येणार नसाल तर ‘नो, आय ॲम नॉट’ आणि येणार असाल तर ‘यस, आय ॲम’. फोनवर नुसतं ‘यस’ म्हणून थांबलात, तर समोरचा तुमच्यासाठी जागा धरून ठेवेल.