बेल्ट गेल्यावर या चुका टाळा: डिऑन्टे वाइल्डरच्या पराभवातून

मॅच हरून पोरगा रिंगमधून खाली उतरला की पहिली पाच मिनिटं त्याच्याशी काही बोलू नये, आणि तो जे बोलेल ते मनावरही घेऊ नये. "सर, ग्लोव्हज ओले होते." "सर, पंचांनी काउंट घाईत केला." जिल्ह्याच्या फायनलला हरलेला एक मुलगा मला म्हणाला होता की हेडगार्ड सारखं डोळ्यावर येत होतं. आलंही असेल. पण त्याचा डावा हात जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, मारून परत येताना दरवेळी छातीपर्यंत खाली येत होता, आणि समोरच्याला ते पहिल्याच राउंडमध्ये कळलं होतं.

पोरांचं हे चालून जातं. हेवीवेट जगज्जेत्याने तेच केलं तर करिअर हातातून जातं. डिऑन्टे वाइल्डरचं तसंच झालं. अलाबामातल्या टस्कलूसाचा हा माणूस विसाव्या वर्षाच्या आसपास, आजारी मुलीचा खर्च भागवायला म्हणून बॉक्सिंगमध्ये आला आणि २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकला ब्राँझ घेऊन गेला. आपल्या विजेंदरने ७५ किलोत ब्राँझ मिळवलं, त्याच स्पर्धेत यानं ९१ किलोत. पुढे २०१५ ला डब्ल्यूबीसीचा, म्हणजे वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिलचा, जगज्जेतेपदाचा बेल्ट, दहा वेळा राखलेला. आणि मग २२ फेब्रुवारी २०२० ची लास वेगासमधली रात्र. ब्रिटनच्या टायसन फ्युरीने त्याला तिसऱ्या राउंडला पाडलं, पाचव्याला पोटावर मारून पुन्हा पाडलं. सातव्यात डाव्या कानातून रक्त येत असताना त्याच्या कॉर्नरमधून टॉवेल आला, म्हणजे लढत थांबवा.

त्यानंतर वाइल्डरने काय काय सांगितलं ते आठवा. रिंगमध्ये येताना घातलेला पोशाख ४० पौंडांच्या वर, म्हणजे १८ किलोहून जड होता, त्यामुळे पायच गेले. फ्युरीच्या ग्लोव्हजमध्ये काहीतरी गडबड होती. पाण्यात काहीतरी मिसळलं होतं. यातलं एकही सिद्ध झालं नाही. पोशाखाचं एक वेळ मान्य करू. पण तो घालून या, असं त्याला कुणी सांगितलं होतं?

खापर फोडणं ही सगळ्यांना दिसणारी चूक. ती इथेच सोडू, कारण खरं नुकसान दुसरीकडे होतं.

हरलेली मॅच पुन्हापुन्हा बघत बसणं

बहुतेक कोच हेच करतात. मोबाइलवर हरलेली मॅच लावायची आणि "हे बघ, इथे खाल्लास" म्हणायचं. त्यात फक्त शेवटचा अपघात दिसतो. दोष शोधायचा तर जिंकलेल्या मॅच लावा, आवाज बंद करून.

वाइल्डरची उदाहरणं घ्या. नोव्हेंबर २०१९ ला त्याने लुईस ऑर्टिझला सातव्या राउंडला एका उजव्या ठोशात आडवा केला. हायलाइट्समध्ये तेवढंच दिसतं. पण पहिल्या सहा राउंडनंतर तिन्ही जजेसच्या कार्डवर ऑर्टिझ पुढे होता, आणि तो काही तरणा नव्हता, चाळिशी ओलांडलेला होता. त्याआधीच्या, मार्च २०१८ च्या लढतीत याच ऑर्टिझने सातव्या राउंडला वाइल्डरला इतका हलवला होता की तो राउंड कसाबसा निभला. दहाव्याला वाइल्डरने नॉकआउट मारला आणि सगळे ते विसरले.

४१ नॉकआउट असले की कोण दोष काढणार? उजवा हात हे असं कर्ज होतं की त्याच्यावर बाकी सगळं उधारीने चाललं. जॅब होता तो नुसता अंतर मोजायला. उजवा हुकला की पाय फाकलेले, वजन पुढच्या पायावर, डोकं मधल्या रेषेवर. समोरचा अंगावर चालून आला की मागे सरत लढता येत नाही, आत शिरला तर धड क्लिंचही, म्हणजे मिठी मारून अडवणंही, करता येत नाही. २०१८ ला झालेल्या दोघांच्या पहिल्या लढतीत फ्युरी मागे सरत बॉक्सिंग करत होता, म्हणून हे झाकलं गेलं. दुसऱ्या वेळी, २०२० ला, तो १२४ किलोचा होऊन थेट अंगावर आला. वाइल्डर १०५ चा. एक पाऊल मागे, दोन पावलं मागे, मग दोर. दोराला पाठ लागली की त्याच्याकडे योजनाच नव्हती.

आणि गंमत म्हणजे या माणसाला बॉक्सिंग येत होतं. जानेवारी २०१५ ला बर्मेन स्टिव्हर्नकडून बेल्ट घेतला तो पूर्ण बारा राउंड जॅबवर लढून, गुणांवर. २०१६ मध्ये ख्रिस अरिओलाविरुद्ध उजवा हात मोडला, दंडाचा स्नायू फाटला, तरी तो डाव्या हाताच्या जोरावर जिंकला. म्हणजे हत्यार होतं, गंजू दिलं. नॉकआउटवर नॉकआउट मिळत गेले की जॅबचा सराव कंटाळवाणा वाटतो. आमच्याकडेही बॅगवर सगळे उजवाच हाणतात, कारण आवाज त्याचा येतो.

त्या हेडगार्डवाल्या मुलाला मी त्याची जिंकलेली सेमीफायनल दाखवली. दुसऱ्या राउंडच्या मध्यावर तो म्हणाला, "सर, जरा मागे घ्या." मग परत मागे घ्या म्हणाला. डावा हात तिथेही खालीच होता, समोरच्याला उजवा मारता येत नव्हता एवढंच.

टॉवेल टाकणाऱ्याला काढून टाकणं

वाइल्डरचा टॉवेल टाकला मार्क ब्रीलंडने. १९८४ चा ऑलिंपिक सुवर्णपदक विजेता, स्वतः वेल्टरवेट जगज्जेता राहिलेला माणूस. वाइल्डरने त्याला काढलं आणि मलिक स्कॉटला घेतलं. हा तोच स्कॉट, ज्याला वाइल्डरने २०१४ मध्ये पहिल्याच राउंडला झोपवलं होतं. स्कॉट वाईट कोच नाही, त्यानं बरंच काही सुधारलं. पण निवड काय सांगते ते बघा.

आता ब्रिटनचा हेवीवेट जगज्जेता लेनॉक्स लुईस. सप्टेंबर १९९४, वेम्बली. लुईसने उजवा फेकायला घेतला आणि त्याच क्षणी ऑलिव्हर मॅकॉलचा उजवा आधी पोचला. दुसऱ्या राउंडला खेळ खलास, बेल्ट गेला. मॅकॉलच्या कॉर्नरमध्ये होता डेट्रॉइटचा इमॅन्युएल स्ट्युअर्ड. लुईसने काय केलं? स्ट्युअर्डलाच आपला कोच नेमलं! ज्यानं माझ्यातलं भोक शोधलं, त्यानंच ते बुजवावं, असा सरळ हिशेब. १९९७ मध्ये तो मॅकॉलला हरवून बेल्ट परत घेऊन गेला आणि १९९९ ला निर्विवाद जगज्जेता झाला. एकानं आपल्याला पाडणाऱ्याचा माणूस घेतला, दुसऱ्यानं आपण पाडलेला.

कोच बदलायचाच नाही असं मी म्हणत नाही. फ्युरीने तर न हरता बदलला. डिसेंबर २०१८ ची पहिली लढत बरोबरीत सुटली होती, बऱ्याच जणांच्या मते तो जिंकलाच होता, तरी दुसऱ्या लढतीआधी त्याने बेन डेव्हिसनला सोडून शुगरहिल स्ट्युअर्डला घेतलं, इमॅन्युएलच्या पुतण्याला. कारण ठरलं होतं: या वेळी पुढे जाऊन मारायचं, आणि ते डेट्रॉइटच्या त्या घराण्याचं काम. काय शिकायचं ते आधी ठरलं, कोच नंतर.

उलट ब्रिटनचा हेवीवेट जगज्जेता राहिलेला अँथनी जोशुआ. २०२१ ला युक्रेनच्या ओलेक्सांद्र उसिककडून हरल्यावर रॉब मॅक्रॅकन गेले, रॉबर्ट गार्सिया आले. पुन्हा हरल्यावर डेरिक जेम्स, मग बेन डेव्हिसन. प्रत्येक जण चांगला, प्रत्येकाचं शास्त्र वेगळं. एक म्हणतो जॅबवर खेळ, दुसरा म्हणतो चढून जा. सप्टेंबर २०२४ ला डॅनियल दुब्वासमोर तो पाचव्या राउंडला बाद झाला तेव्हा कोणत्या गुरूचा शिष्य लढत होता हे मला तरी कळलं नाही.

आणि युक्रेनचा हेवीवेट व्लादिमीर क्लिच्को. त्याची गोष्ट मी नव्या कोचना आवर्जून सांगतो, कारण तिथे इमॅन्युएल स्ट्युअर्डसुद्धा पहिल्या प्रयत्नात हरला. मार्च २००३ मध्ये हॅनोव्हरला कॉरी सँडर्सने क्लिच्कोला दुसऱ्या राउंडला संपवलं. मग स्ट्युअर्डला आणलं. एप्रिल २००४ ला त्याच्याबरोबरची पहिलीच लढत, रिकाम्या बेल्टसाठी, आणि लॅमन ब्रूस्टरने पाचव्या राउंडला हरवलं. क्लिच्को दमून कोसळला होता. त्याच्या गोटातूनही तेव्हा काहीतरी खाऊपिऊ घातल्याच्या शंका आल्या, हे विसरू नका. शंका कुणालाही येते. पण त्याने स्ट्युअर्डला सोडलं नाही. जबडा काही बदलता येत नाही, हे दोघांनी मान्य केलं. मग जबड्यापर्यंत कुणी पोचूच नये अशी व्यवस्था केली: लांब जॅब, अंतर, जवळ आला की वरून वजन टाकून क्लिंच, दम वाचवत खेळणं. बघायला कंटाळवाणं, मान्य. २००६ पासून २०१५ पर्यंत कुणी बेल्ट काढून घेऊ शकलं नाही.

नवं तंत्र ताज्या दमात तपासणं

९ ऑक्टोबर २०२१ ची तिसरी फ्युरी-वाइल्डर लढत लावा आणि पहिला राउंड बघा. वाइल्डर पोटावर जॅब मारतोय. एक, दोन, पुन्हा पोटावर. सुंदर. स्कॉटबरोबर घेतलेली मेहनत दिसते. तिसऱ्या राउंडपर्यंत जॅब विरळ होतो, पाय जड होतात, आणि तो पडतो. चौथ्यात जुन्या उजव्याने त्याने फ्युरीला दोनदा पाडलं, ती त्याची हिंमत. पण तिथून शेवटपर्यंत रिंगमध्ये जुनाच वाइल्डर होता, शिवाय १०८ किलोचा, आजवरचा सगळ्यात जड.

दमल्यावर जुनी सवय वर येते. म्हणून नवी गोष्ट सरावाच्या सुरुवातीला शिकवा, पण तपासा शेवटी. आमच्याकडे मी असं करतो: आधी तीन राउंड बॅग, मग दोरीच्या उड्या, आणि श्वास लागलेला असताना पॅड. पॅडवर मुलगा उजवा मारतो, मी मुद्दाम पॅड काढून घेतो आणि लगेच एक पाऊल अंगावर जातो. हुकल्यावर मागचा पाय आपोआप अंगाखाली आला पाहिजे आणि तो बाजूला वळला पाहिजे. पुढे कलंडला तर डोक्यावर हलकी टपली. पाय एकमेकांत अडकवणाऱ्यांच्या घोट्यांना सायकलची जुनी ट्यूब बांधतो. दोन्ही पायांत खांद्याएवढं अंतर राहतं आणि पाऊल ओलांडलं की ती लगेच ओढते. आणि आठवड्यातून एक पूर्ण राउंड असा, की मुलाने फक्त मागे आणि बाजूला सरायचं, जॅब सोडून काही मारायचं नाही. सगळ्यांना तो राउंड नकोसा असतो. वाइल्डरला तो हवा होता.

इथे उलटी चूकही होते: सगळंच बदलायचं. जोशुआला जून २०१९ ला अँडी रुईझने चार वेळा पाडलं. डिसेंबरला तो जवळपास पाच किलो हलका होऊन आला, लांबून जॅब मारत बारा राउंड फिरला आणि बेल्ट परत घेतले. (रुईझ १२८ किलोचा होऊन आला होता; जिंकल्यावर काय टाळावं हा वेगळा लेख होईल.) त्या रात्री ते बरोबरच होतं. पण नंतर उसिकसमोर, जिथे आपल्या आकाराचा धाक वापरायचा, तिथेही जोशुआ पहिल्या लढतीत लांबूनच बॉक्सिंग करत राहिला, तेही जगातल्या सगळ्यात सफाईदार बॉक्सरशी.

फार लवकर परतणं, किंवा परतणंच नाही

डोक्यावर मार खाऊन नॉकआउट झालेल्याला स्पॅरिंग, म्हणजे सरावाची लढत, लगेच देऊ नका. आंतरराष्ट्रीय हौशी बॉक्सिंगचा जुना दंडक साधा आहे: एका नॉकआउटनंतर किमान ३० दिवस बंद, तीन महिन्यांत दोन झाले तर ९० दिवस, वर्षात तीन झाले तर वर्षभर. क्लबात हे कुणी मोजत नाही, तुम्ही मोजा. जिममध्ये झालेला नॉकआउटही धरा.

दुसरं टोक वाइल्डरने दाखवलं. ऑक्टोबर २०२१ च्या लढतीनंतर डिसेंबर २०२३ पर्यंत तो एकदाच लढला, रॉबर्ट हेलेनियसशी, आणि ती लढत पहिल्या राउंडलाच संपली. दोन वर्षांत तीन मिनिटंसुद्धा नाहीत. मग रियाधला जोसेफ पार्करसमोर उभा राहिला आणि उजवा हात सुटेचना. बारा राउंड तो क्षणाची वाट बघत राहिला. एका जजने त्याला एकही राउंड दिला नाही. जून २०२४ ला झांग झिलेईने पाचव्या राउंडला बाद केलं. त्या दोन वर्षांत तीन-चार मध्यम दर्जाच्या लढती मिळाल्या असत्या तर अंतराचा अंदाज आणि हाताची वेळ टिकली असती.

वयाचा हिशेबही इथेच करायचा. ब्रूस्टरकडून हरला तेव्हा क्लिच्को २८ चा होता, मॅकॉलकडून हरला तेव्हा लुईस २९ चा. त्यांच्याकडे नव्याने शिकायला वेळ होता. २०२० च्या त्या रात्री वाइल्डर ३४ चा होता, आणि त्याचा सगळा खेळ वेगावर उभा. जून २०२५ ला विचिटात त्याने टायरेल हर्नडनला सातव्या राउंडला थांबवलं, पण त्यावरून तो परतला असं म्हणणं म्हणजे गल्लीतल्या मॅचवरून रणजीची टीम निवडणं. चौतिशीतल्या बॉक्सरला एखादी गोष्ट जोडता येते, जॅब तरी नाहीतर क्लिंच तरी. सगळा पाया नव्याने घालता येत नाही. तो घालू असं सांगणारा कोच भेटला तर फी आधी विचारा.

तिसऱ्या लढतीत वाइल्डर दहाव्या राउंडलाही पडला होता. पाय उरले नव्हते, हात खाली होते. कॉर्नरमधून टॉवेल आला नाही. अकराव्यात फ्युरीचा उजवा बसला, वाइल्डर दोराला घसटत खाली कोसळला आणि रेफ्रींनी काउंटही न करता लढत थांबवली. तुमच्या कॉर्नरमध्ये टॉवेल कोण टाकणार, हे मॅचच्या आदल्या दिवशी बॉक्सरसमोर बसून ठरवा, आणि दुसऱ्या दिवशी त्याला शिव्या द्यायच्या नाहीत हेही तेव्हाच कबूल करून घ्या.