ब्रिटनमध्ये सभ्य इंग्रजी कसं बोलावं : काउंटरपासून ऑफिसपर्यंत

आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत उत्तम बँड (श्रेणी) मिळवून इंग्लंडला पोचलेली आपली मुलं-मुली तिथल्या दुकानात, ऑफिसात सुरुवातीला एका विचित्र अनुभवाने गोंधळतात. व्याकरण चोख, शब्दसंपत्ती भरपूर, तरी समोरचा माणूस जरासा आखडतो. कॉफी मागितली की कॉफी मिळते, पण हसू मिळत नाही. बहुतेक वेळा वाक्यात चूक काहीच नसते, फक्त ते हुकमासारखं ऐकू येतं.

आपण मराठीत आदर क्रियापदातच भरतो. वाण्याला ‘अर्धा किलो साखर द्या’ म्हटलं की त्यात मान आला, वरून आणखी काही लावावं लागत नाही. फारच वाटलं तर ‘जरा’ असतोच मदतीला. इंग्रजी क्रियापदाला ही सोय नाही, म्हणून तो सगळा मान वाक्याच्या ठेवणीतून आणि आवाजातून दाखवावा लागतो. त्यात ब्रिटिश माणूस एक गोष्ट फार जपतो: समोरच्याला ‘नाही’ म्हणायची वाट मोकळी ठेवायची. पुढच्या बहुतेक सगळ्या रीती यातूनच निघतात, तेव्हा घोकंपट्टी करण्यापेक्षा हे धरून चाललेलं बरं.

पायरी १ : काउंटरवरची चार वाक्यं आधी तोंडात बसवा

‘आय वाँट अ कॉफी’ आणि ‘गिव्ह मी वन कॉफी’ ही दोन वाक्यं आजपासून बंद. त्यांच्या जागी ‘कुड आय हॅव अ कॉफी, प्लीज?’. तरुण मंडळी ‘कॅन आय गेट’ म्हणतात, ते चालतं, पण वयस्कर लोकांच्या कपाळावर त्याने आठी पडते. ‘कुड आय हॅव’ मात्र सगळीकडे चालतं.

‘प्लीज’ कुठे येतो हेही महत्त्वाचं. वाक्याच्या शेवटी, हलका, सहज आला की तो सभ्य. वाक्याच्या सुरुवातीला ‘प्लीज गिव्ह मी’ असा आला की एक तर आर्जव वाटतं, नाही तर सूचनाफलक वाचल्यासारखं. आणि शेवटी आला तरी जोर देऊन, आवाज खाली पाडत म्हटलेला ‘प्लीज’ म्हणजे सरळ वैताग. ‘कॅन यू मूव्ह, प्लीज’ हे वाक्य दोन सुरांत म्हणून बघा. एक विनंती आहे, दुसरं भांडणाची सुरुवात.

नुसतं ‘येस’ किंवा नुसतं ‘नो’ बोडकं वाटतं. पिशवी हवी का, पावती हवी का, साखर हवी का, या सगळ्यांचं उत्तर ‘येस, प्लीज’ किंवा ‘नो, थँक यू’. आपली डोकं डोलवायची सवय तिथे कुणाला वाचता येत नाही, त्यामुळे उत्तर तोंडाने द्यायचं. ‘थँक यू’ची संख्या बघून सुरुवातीला हसू येईल: वस्तू पुढे केली की एक, कार्डाचं मशीन पुढे आलं की एक, निघताना आणखी एक. आपल्याकडे घरच्या माणसाचे आभार मानले तर ‘मी काय परकी आहे का?’ असं ऐकावं लागतं. तिथे घरातही जेवताना मिठाची बाटली सरकवली तरी आभार मानतात, आणि लहान मूल ‘प्लीज’ म्हणेपर्यंत आई ज्यूसचा पेला हातात धरून ‘व्हॉट्स द मॅजिक वर्ड?’ विचारत राहते. इतक्या लहानपणी अंगात मुरलेली गोष्ट मोठ्या माणसात नसली की ती लगेच खटकते.

पायरी २ : ‘सॉरी’ मोकळ्या हाताने वापरा

‘सॉरी’ म्हणजे माफीनामा, हे डोक्यातून काढा. ट्रेनमध्ये कुणी तुमच्या पायावर पाय दिला तर दोघंही ‘सॉरी’ म्हणतात. ऐकू आलं नाही तरी ‘सॉरी?’, वर चढत्या सुरात. ‘व्हॉट?’ तोडून टाकल्यासारखं लागतं. शाळेत शिकलेलं ‘पार्डन’ चुकीचं नाही, पण त्याची एक गंमत आहे. १९५४ मध्ये ॲलन रॉस या भाषाशास्त्राच्या प्राध्यापकांनी उच्चवर्गीय आणि इतर इंग्रजांच्या बोलण्यातले फरक मांडले, त्यावरून इंग्लंडात बराच काळ चर्चा रंगली. अतिसभ्य वाटणारा ‘पार्डन’ त्या हिशेबात उच्चवर्गीय ठरला नाही, उलट खालचा ठरला. या वर्गांच्या भानगडीत परक्याने पडूच नये. ‘सॉरी?’ म्हणावं आणि मोकळं व्हावं.

गर्दीतून वाट काढायची असेल किंवा अनोळखी माणसाशी बोलायला सुरुवात करायची असेल तर ‘एक्स्क्यूज मी’. खांद्याला हात लावून बाजूला सारणं, ‘ओ काका’ करून हाक मारणं, अनोळखी बाईला ‘आंटी’ म्हणणं, यातलं काहीच नको. शेवटचं तर मुळीच नको.

पायरी ३ : ‘यू ऑल राइट?’ला घाबरू नका

सकाळी ऑफिसात कुणी ‘यू ऑल राइट?’ म्हटलं की नवखा माणूस विचारात पडतो, माझा चेहरा उतरलाय की काय? काही नाही, ते ‘काय, कसं काय?’ आहे. उत्तर: ‘यस, थँक्स, यू?’ किंवा ‘नॉट बॅड, यू?’. चालता चालता द्यायचं, थांबायचं नाही. पाठदुखीची हकिकत सांगायला तर अजिबात थांबायचं नाही.

भाजीवाली ‘लव्ह’ म्हणाली, नॉटिंगहॅम-डर्बीकडे बसमध्ये कुणी ‘डक’ म्हणालं, न्यूकॅसलला ‘पेट’, ग्लासगोत बाईला ‘हेन’, तर लाजायचं किंवा चिडायचं कारण नाही. आपल्याकडच्या ‘ताई’, ‘दादा’सारखं ते त्या त्या गावचं संबोधन आहे. मात्र आपण ते परत वापरायचं नाही. ते तिथल्या उच्चारात, तिथल्या माणसाच्या तोंडीच शोभतं.

पायरी ४ : रांग, जिना, बस, रस्ता

रांग मोडू नका हे सांगायला नको, पण रांग दिसत नसतानाही ती असते, हे सांगायला हवं. पबच्या बारपुढे सगळे आडवे उभे असतात, पण कोण आधी आलं हे प्रत्येकाला ठाऊक असतं. बारवाल्याने ‘हूज नेक्स्ट?’ म्हटलं आणि तुमच्या आधीचा माणूस शेजारी असेल तर त्याच्याकडे हात करायचा. एवढ्या एका हावभावाने तुम्ही तिथले होता. शंका असेल तिथे ‘सॉरी, आर यू इन द क्यू?’ विचारावं. मित्रमंडळींसोबत गेलात तर एकेकाने आळीपाळीने सगळ्यांची पेयं आणायची पद्धत असते. तुम्ही फक्त संत्र्याचा रस पीत असलात तरी तुमची पाळी चुकवू नका. लोक बोलत नाहीत, पण लक्षात ठेवतात.

लंडनच्या भुयारी रेल्वेत सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभं राहायचं, डावी बाजू घाईत असलेल्यांना मोकळी ठेवायची. मोठी बॅग डावीकडे ठेवून उभं राहिलात तर मागून येणारा ‘एक्स्क्यूज मी’ त्या वैतागाच्या सुरातला असेल. लंडनबाहेर, जिथे बसमधून पुढच्या दारानेच उतरतात, तिथे उतरताना ड्रायव्हरला ‘थँक यू’ किंवा ‘चिअर्स’ म्हणतात. ब्रिस्टलचं ‘चिअर्स, ड्राइव्ह’ तर त्या शहराची ओळखच आहे.

गाडी चालवणार असाल तर एक गोष्ट नक्की उलटी लक्षात ठेवा. आपल्याकडे समोरून लाइट मारला की अर्थ ‘मी येतोय, थांब’. तिथे रोजच्या वापरात त्याचा अर्थ बहुतेकदा ‘या, तुम्ही आधी’ असा असतो. वाहतुकीची अधिकृत नियमावली, म्हणजे हायवे कोड, मात्र सांगते की आपण इथे आहोत हे कळवण्यापुरताच लाइट मारा, दुसरा काही अर्थ त्यातून सांगू नका. त्यामुळे समोरच्याने लाइट मारला तरी खात्री करूनच पुढे व्हायचं, आणि वाट दिली म्हणून हात वर करायचा. हॉर्न म्हणजे शिवी समजा. वस्तीत रात्री साडेअकरा ते सकाळी सात तो वाजवायला त्याच नियमावलीत मनाई आहे, रस्त्यावरच्या दुसऱ्या कुणाकडून धोका असेल तरच सूट.

पायरी ५ : विनंतीची शिडी

इथे वेळ घालवा, कारण खरी परीक्षा इथेच असते. जितकं मोठं काम, तितकं लांब वाक्य. पेन हवं असेल तर ‘कुड आय बॉरो युअर पेन?’ पुरे. खिडकी उघडायची असेल तर ‘वुड यू माइंड इफ आय ओपन्ड द विंडो?’. सहकाऱ्याने आपली शनिवारची पाळी घ्यावी असं वाटत असेल तर ‘आय वॉज वंडरिंग इफ यू कुड पॉसिब्ली कव्हर माय शिफ्ट ऑन सॅटर्डे. नो वरीज इफ नॉट’.

या वाक्याची घडण बघा. ‘वॉज वंडरिंग’ भूतकाळात आहे, जणू विचार मनात येऊन गेला, आता आग्रह नाही. ‘पॉसिब्ली’ने जमणं-न जमणं मोकळं ठेवलं. शेवटच्या तीन-चार शब्दांनी तर नकार देण्याचा ताणच काढून घेतला. आपल्याला हे सगळं कृत्रिम वाटतं, कारण आपल्याकडे जवळच्या माणसाकडे हक्काने मागण्यात प्रेम असतं. तिथे हक्क गाजवला नाही यात प्रेम असतं. दोन्ही रीती आपापल्या जागी खऱ्या आहेत, पण एकीच्या जागी दुसरी आणली की गैरसमज होतो.

शिडी उलटी चढू नका. मीठ मागायला ‘आय वॉज वंडरिंग इफ यू कुड पॉसिब्ली’ म्हणालात तर टोमणा मारल्यासारखं वाटेल.

आणि ‘वुड यू माइंड’चा सापळा ध्यानात ठेवा. ‘वुड यू माइंड मूव्हिंग युअर बॅग?’ याला आपण उत्साहाने ‘येस, येस!’ म्हणतो, आणि बॅग सरकवतो. शब्दशः आपण ‘हो, माझी हरकत आहे’ असं सांगितलेलं असतं. बरोबर उत्तर ‘नो, नॉट ॲट ऑल’ किंवा ‘ऑफ कोर्स नॉट’.

पायरी ६ : सौम्य वाक्यातलं खरं काम ओळखा

आपण सभ्य बोलायला लागलो की अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं म्हणजे त्यांचं सभ्य बोलणं उलगडणं, आणि नोकरीत अडतं ते इथेच. साहेब म्हणाले, ‘यू माइट वाँट टु हॅव अनदर लुक ॲट धिस’, तर तो सल्ला नाही. रिपोर्ट पुन्हा करायचा आहे. ‘आय ॲम अफ्रेड’ने सुरू होणाऱ्या वाक्यात भीती नसते, नकार किंवा वाईट बातमी असते. ‘विथ रिस्पेक्ट’ म्हणजे पुढे मतभेद येतोय. ‘नॉट बॅड’ म्हणजे बऱ्यापैकी कौतुक. ‘क्वाइट गुड’ हे मात्र ब्रिटनमध्ये बहुधा ‘ठीक आहे’ एवढंच असतं. अमेरिकन माणूस तेच शब्द भरभरून म्हणतो, म्हणून अमेरिकन मालिकांवर इंग्रजी पोसलेल्या आपल्या लोकांची इथे फसगत होते.

अंदाज लावत बसू नका. ‘शॅल आय रीडू इट बाय टुमॉरो?’ असं विचारलं की उत्तर स्पष्ट मिळतं, आणि विचारण्यात कमीपणा नाही.

पायरी ७ : ईमेलमधलं देशी इंग्रजी बाजूला ठेवा

‘काइंडली डू द नीडफुल’ आपल्या सरकारी-खासगी पत्रव्यवहारात शोभतं. तिथल्या माणसाला ‘काइंडली’ बऱ्याचदा खडसावल्यासारखं लागतं, आणि ‘डू द नीडफुल’ कळतच नाही. त्याऐवजी ‘कुड यू प्लीज’ आणि नेमकं काम काय ते. ‘रिव्हर्ट’ऐवजी ‘रिप्लाय’. बॉसला, प्राध्यापकांना बहुतेक ठिकाणी पहिल्या नावाने हाक मारतात. ‘सर’ म्हटल्याने अपमान होत नाही, पण तेच अवघडतात. सुरुवातीला जीभ वळणार नाही. समोरच्याने ईमेलखाली स्वतःचं जसं नाव लिहिलंय तसंच तुम्ही लिहा, प्रश्न मिटतो. अगदी औपचारिक पत्रात नाव माहीत नसेल आणि ‘डिअर सर ऑर मॅडम’ असेल तर शेवटी ‘युअर्स फेथफुली’, नावानिशी सुरुवात असेल तर ‘युअर्स सिन्सिअरली’. रोजच्या ईमेलला ‘काइंड रिगार्ड्स’ पुरतं.

पायरी ८ : चहा, आमंत्रण आणि न विचारायचे प्रश्न

ऑफिसात स्वतःपुरता चहा करू नका. उठताना शेजारच्यांना ‘एनीवन फॉर टी?’ विचारायचं, दूध-साखर विचारून घ्यायची. ‘वी मस्ट हॅव यू राउंड समटाइम’ हे आमंत्रण नव्हे, तारीख ठरली की आमंत्रण. उत्तर इंग्लंडमध्ये ‘टी’ला बोलावलं तर ते बहुधा संध्याकाळचं जेवण असतं, तेव्हा घरून पोट भरून जाऊ नका. रिकाम्या हाताने जायचं नाही, हे मात्र आपल्यासारखंच. पगार किती, लग्न का नाही, मुलं कधी, ‘किती बारीक झालीस!’ हे सगळं मनातच राहू द्या. बोलायला हवामान आहेच, आणि ते तिथे इतकं बदलतं की विषय संपत नाही.

सराव कुठे करायचा

फोनवर स्वतःची विनंतीची वाक्यं रेकॉर्ड करून ऐका. शब्द सगळ्यांचे जमतात, सूर रेकॉर्डिंगमध्येच उघडा पडतो. मराठीतला सपाट, झपाट्याचा सूर इंग्रजीत रागीट वाटतो, हे स्वतःच्या कानांनी ऐकल्याशिवाय पटत नाही. मग चॅरिटी शॉपमध्ये, म्हणजे दान आलेल्या जुन्या वस्तू विकणाऱ्या धर्मादाय संस्थेच्या दुकानात जा. तिथे बहुतेकदा स्वयंसेवक, त्यातही निवृत्त माणसं काउंटरवर असतात, त्यांना घाई नसते आणि गप्पा आवडतात. अनेक गावांतल्या सार्वजनिक वाचनालयांत इंग्रजी बोलण्याचे मोफत गटही चालतात, चौकशी करा.

एक अडचण मात्र राहतेच. तुमची चूक तिथे कुणी दाखवून देणार नाही, कारण दुसऱ्याची भाषा सुधारणं हाच त्यांच्या लेखी उद्धटपणा. म्हणून एखादा विश्वासातला सहकारी गाठा आणि शिडीवरचं वाक्य तिथेच वापरा: ‘वुड यू माइंड टेलिंग मी इफ आय साउंड रूड? आय वुड रिअली ॲप्रिशिएट इट’. पहिल्या वेळी तो ‘यू आर फाइन’ म्हणून टाळेल. काही दिवसांनी, एखादा ईमेल दाखवून, पुन्हा विचारा.