प्राचीन इजिप्तचे मराठी विकिपीडिया लेख सुधारताना या चुका टाळा

या विषयातला मोठा घोळ लेखांच्या तुटवड्यामुळे होत नाही, नावांमुळे होतो. ग्रीकांनी ज्याला केऑप्स म्हटले तोच राजा खुफू. आमेनोफिस म्हणजे आमेनहोतेप, सेसोस्त्रिस म्हणजे सेनुस्रेत. आमेनहोतेप चौथा आणि अखेनातेन हे तर एकाच राजाचे आधीचे आणि नंतरचे नाव. दोघांनी दोन पुस्तके समोर ठेवून लिहिले की एकाच राजाचे दोन लेख तयार होतात.

म्हणून लेख सुरू करण्याआधी शोधपेटीत ग्रीक नाव, इजिप्ती नाव आणि लेखनाचे सगळे प्रकार (रामसेस, रॅमसिस, रामेसेस) टाकून पाहा. विकिडेटा म्हणजे सर्व भाषांतले लेख एकमेकांशी जोडणारा सामायिक माहितीसाठा. त्याच्या एका नोंदीला मराठीतला एकच लेख जोडता येतो. तुमचा लेख जोडताना तिथे आधीच मराठी दुवा दिसला, तर जुळा लेख आहे असे समजा.

जुळे लेख एकत्र करताना मजकूर गुपचूप चिकटवू नका. जास्त भरीव लेख ठेवा, दुसऱ्यातला उपयोगी भाग त्यात आणा आणि तो कोणत्या पानावरून घेतला ते संपादन सारांशात (बदल जतन करताना लिहायच्या छोट्या टिपेत) लिहा. विकिपीडियाच्या परवान्यानुसार मूळ लेखकांना श्रेय द्यावेच लागते. मग दुसऱ्या पानाचे पुनर्निर्देशन करा, म्हणजे ते उघडणारा वाचक आपोआप ठेवलेल्या लेखावर जाईल. पुनर्निर्देशनाकडे पुनर्निर्देशन नको, कारण वाचक मधल्याच पानावर अडकतो.

दुसरी खोड सालांची. रामसेस दुसरा गादीवर आला ते साल पुस्तकागणिक इ.स.पू. १३०४, १२९० किंवा १२७९ असे सापडते. तिन्ही वेगवेगळ्या कालगणनांतून आलेली. त्याच्या लेखात १२७९ ते १२१३ आणि वडील सेती पहिला यांच्या लेखात जुन्या पुस्तकातले साल, असे झाले की बापलेकांच्या कारकिर्दींमध्ये काही वर्षांची पोकळी राहते. कोणतीही एक कालगणना धरा, पण पूर्ण घराण्याला तीच लावा. खुफूसारख्या जुन्या राजांच्या सालाआधी ‘सुमारे’ हवेच. इ.स.पू. ६६४ पासून पुढची साले बरीच पक्की आहेत, तिथे हा शब्द उगीच नको. शिवाय इ.स.पू. १२७९ म्हणजे इ.स.पू. तेरावे शतक, बारावे नव्हे. आणि शून्य साल नसल्याने इ.स.पू. ३० ते इ.स. ३० हे अंतर ५९ वर्षांचे.

माहितीचौकटीतल्या (लेखाच्या बाजूच्या तक्त्यातल्या) ‘मागील’ आणि ‘पुढील’ रकान्यांवर डोळे झाकून विसंबू नका. मॅनेथो या प्राचीन इजिप्ती इतिहासकाराने राजघराणी एकापाठोपाठ एक मांडली, पण दुसऱ्या संक्रमणकाळात (देश विभागलेला होता त्या काळात) पंधरावे घराणे उत्तरेत आणि सतरावे दक्षिणेत थीब्सला, अशी एकाच वेळी राज्ये होती. तिथे ‘समकालीन’ लिहा.

यांत्रिक भाषांतराची ठरलेली चूक म्हणजे ‘वरचा इजिप्त’ वाचून तो नकाशात वर, म्हणजे उत्तरेला दाखवणे. नाईल दक्षिणेकडून उत्तरेला वाहते. वरचा इजिप्त दक्षिणेला, त्रिभुज प्रदेशाचा खालचा इजिप्त उत्तरेला. खुफूच्या पिरॅमिडची उंचीही अशीच मोघम येते: बांधला तेव्हा सुमारे १४६.६ मीटर, आज सुमारे १३८.५. कोणता आकडा कधीचा, तेही लिहा.

वस्तू कुठे आहेत हे तर हमखास शिळे सापडते. राजघराण्यातील २२ ममी ३ एप्रिल २०२१ रोजी कैरोच्या तहरीर चौकातील संग्रहालयातून त्याच शहरातल्या फुस्तात भागातील राष्ट्रीय संग्रहालयात हलवल्या गेल्या. त्यात रामसेस दुसऱ्याचीही ममी होती. जुन्या लेखांतली ‘कैरो संग्रहालय’ हे दोनच शब्द तपासायला घेतले तरी बरेच काम होईल. छायाचित्रांचा वेगळा सापळा: मूर्ती तीन हजार वर्षांची असली तरी तिच्या फोटोवर छायाचित्रकाराचा हक्क असतो. कॉमन्सवरचे (विकिमीडियाच्या मुक्त चित्रसंग्रहातले), परवाना स्पष्ट असलेलेच घ्या.

लेखाला वर्ग (विषयवार गट) देताना लेख उपवर्गात गेला असेल तर मूळ ‘प्राचीन इजिप्त’ वर्ग काढून टाका, नाहीतर तो वर्ग शेकडो पानांचा ढीग होतो.

शेवटी, आपल्याकडच्या उत्साहाची एक चूक. तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिके बंदरात बुद्धाची मूर्ती आणि सातवाहनांची दोन नाणी सापडली. नोंद महत्त्वाचीच, पण ती रोमन काळातील इजिप्त किंवा बेरेनिकेच्या लेखात जाते. ती नाणी इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातली. रामसेस दुसऱ्याच्या लेखात ‘भारताशी संबंध’ असा परिच्छेद त्यांच्या आधारे घालता येत नाही. त्याला मरून तेव्हा तेराशेहून अधिक वर्षे झाली होती.