या चुका टाळा: भूमिगत कोळसा खाणीत छताला आधार देताना

आधार उभा दिसला म्हणजे तो भार घेतोय असं नव्हे. छताचे थर एकमेकांपासून सुटण्याआधी त्यांना आवळून धरणं हे रूफ बोल्टचं, म्हणजे छतात भोक पाडून बसवलेल्या लोखंडी सळईचं, काम. म्हणून सगळ्यात महाग पडणारी चूक उशिराची: कोळसा निघाला, बोल्ट मात्र पुढच्या पाळीवर ढकलले. थर सुटल्यावर मारलेला बोल्ट सुटलेलं वजन नुसतं लटकवून ठेवतो.

रेझिन बोल्ट, म्हणजे भोकात कॅप्सूलमधल्या रेझिनने (घट्ट होणाऱ्या चिकट द्रवाने) चिकटवलेला बोल्ट, बिघडतो तो बहुतेक वेळा भोकातच. 22 मिमीच्या बोल्टला 28 मिमीचं भोक घेतलं की चहूबाजूंनी 3 मिमी फट राहते. तेच 32 मिमी झालं तर 1.8 पट रेझिन लागतं; शिवाय कॅप्सूल नीट फाटत नाही, तिचं प्लास्टिक बोल्टवर हातमोज्यासारखं चढून बसतं. असा बोल्ट ओढून काढलात तर लोखंडाला रेझिन चिकटलेलंच दिसत नाही.

खोलीही मोजा. 1.8 मीटरच्या बोल्टला 1.75 मीटर भोक, उरलेले 5 सेंमी प्लेट आणि नटासाठी. ड्रिल रॉडवर खूण करून ठेवा. भोक 10 सेंमी जादा गेलं, तर वरच्या पोकळीत वाया गेलेलं रेझिन बोल्टभोवती 26 सेंमीला पुरलं असतं.

लवकर जमणारी कॅप्सूल भोकात आधी, म्हणजे सर्वांत वर. सावकाश जमणारी तिच्याखाली. वेष्टनावर लिहिलेले सेकंदच बोल्ट फिरवा. कमी फिरवलं तर हार्डनर (रेझिन घट्ट करणारं रसायन) मिसळत नाही, जास्त फिरवलं तर जमत आलेलं रेझिन तुटतं. नट आवळताना आख्खा बोल्टच फिरू लागला, तर जोर लावत बसू नका. खूण करा, शेजारी नवा बोल्ट मारा.

रेझिनऐवजी सिमेंट कॅप्सूल असेल, तर ती पाण्यात बुडबुडे थांबेपर्यंतच भिजवा. भिजवून उरलेली फेकून द्या, पुन्हा वापरू नका.

लाकडी टेकू कोळशाच्या सुट्या भुशावर उभा केला की भार आल्यावर तो खचतो. कठीण जमीन लागेपर्यंत खरवडा, वर फळी द्या, पाचर ठोकून घट्ट करा. तिरप्या थरात टेकू ओळंब्यात नको. ओळंबा आणि थराशी काटकोन यांच्या मधे, म्हणजे काटकोनाच्या मानाने चढाकडे किंचित झुकलेला हवा.

छत वाजवून पाहताना आधार दिलेल्या भागातच उभे राहा. हात पोचत असेल तर एक तळवा छताला लावून दुसऱ्या हातातल्या पहारीने हलकेच ठोका. ढबढब आवाज आला तर थर सुटलाय. आवाज खणखणीत असूनही तळव्याला थरथर जाणवली, तरी सुटलेलाच समजा. तो भाग सुरक्षित बाजूने लांब पहारीने आधी पाडा, मगच पुढे जा.