कातळसड्याच्या संवर्धन राखीवाचा व्यवस्थापन आराखडा कसा तयार करावा

अधिसूचना निघाली की संवर्धन राखीवाची, म्हणजे वन्यजीव कायद्याखाली संरक्षित म्हणून घोषित झालेल्या शासकीय जमिनीची, हद्द ठरते. पण त्या हद्दीत येत्या दहा वर्षांत कोणती कामे करायची आणि कोणती कटाक्षाने टाळायची, हे व्यवस्थापन आराखड्यातच ठरते. पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारासारख्या कातळसड्याच्या, म्हणजे जांभा खडकाच्या उघड्या सपाट माथ्याच्या, बाबतीत टाळायच्या कामांची यादी अधिक महत्त्वाची आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

सुरुवात कायद्यापासून करावी. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 मध्ये 2002 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 36-अ नुसार संवर्धन राखीव हे शासकीय मालकीच्या जमिनीवरच, स्थानिक लोकांशी विचारविनिमय करून घोषित होते. कलम 36-ब खालच्या समितीत वन विभागाच्या प्रतिनिधीबरोबर प्रत्येक संबंधित ग्रामपंचायतीचा एक प्रतिनिधी, स्वयंसेवी संस्थांचे तीन आणि कृषी व पशुसंवर्धन विभागांचे प्रतिनिधी असतात. राधानगरीसारख्या अभयारण्याचे सगळे निर्बंध येथे आपोआप लागू होत नाहीत. आग लावण्याला मनाई आहे. मात्र चराईचे नियमन करणारे उपकलम संवर्धन राखीवाला लावलेले नाही. म्हणून जमिनीला वन कायद्याखाली आधीपासून कोणता दर्जा आहे हे पाहून, आराखड्यातील चराईविषयीचे कलम गुराख्यांसमोर बसूनच लिहावे.

त्यानंतर सातबारा, गावनकाशा आणि अधिसूचनेतील हद्द यांचा मेळ घालून जागेवर फिरावे, आणि देवस्थानाची वाट, पाणवठे, गुरांच्या वाटा व वाहनांच्या चाकोऱ्या नकाशावर उतरवाव्यात.

वनस्पतींची पाहणी जून ते ऑक्टोबर या काळात, दर पंधरवड्याला त्याच ठिकाणी करावी. एप्रिलमध्ये पाहणाऱ्याला सडा म्हणजे उजाड माळ वाटतो. पावसाळ्यात मात्र जांभ्याच्या उथळ खळग्यात, बोटभर जाडीच्या मातीत गेंद आणि सीतेची आसवे या छोट्या फुलवनस्पती उगवतात. या मातीत पोषकद्रव्ये इतकी कमी असतात की सीतेची आसवे पाण्यातले सूक्ष्म जीव पकडून ती उणीव भरून काढते. अशा खळग्याच्या काठावरून एक जीप गेली तरी मातीचा थर उखडतो, चाकोरीतून पाणी निघून जाते आणि खळगा वेळेआधी कोरडा पडतो. हे ध्यानात घेतले तर सड्यावर खड्डे खणून रोपे लावणे, बाहेरची माती आणून टाकणे किंवा तळी खोदणे ही कामे, हेतू कितीही चांगला असला तरी, आराखड्यात घेऊ नयेत. वृक्षारोपणाचा निधी उतारावरच्या तुटलेल्या जंगलासाठी मागावा, आणि तोही स्थानिक जातींपुरताच.

उद्दिष्टे लिहिताना “जैवविविधतेचे संवर्धन करणे” एवढ्यावर थांबू नये, कारण ते साधले की नाही हे कोणालाच सांगता येणार नाही. “वाहने पठाराच्या कडेलाच थांबवून खळग्यांच्या भागातील जुन्या चाकोऱ्या तीन पावसाळ्यांत बुजू देणे” असे लिहावे. त्याखाली अडचण, उपाय, जबाबदार कर्मचारी आणि मोजणीची पद्धत मांडावी. मोजणीसाठी कायम खुणा केलेल्या चौकटी आखाव्यात आणि दरवर्षी त्याच आठवड्यात, त्याच कोनातून छायाचित्रे घ्यावीत.

मसाई देवीचे भाविक आणि जुलैत पन्हाळा ते पावनखिंड चालणारे शिवप्रेमी हे या पठाराचे जुने हक्कदार आहेत. त्यांना अडवण्याऐवजी वाट एकच आखून द्यावी, मुक्काम व जेवणाची जागा खळग्यांपासून दूर ठेवावी आणि कचरा परत नेण्याची व्यवस्था मोहिमेच्या आयोजकांबरोबर आधीच ठरवावी. उन्हाळ्यातील वणव्यासाठी जाळरेषा, म्हणजे आग पुढे पसरू नये म्हणून गवत काढून मोकळी ठेवलेली पट्टी, कुठे व कोणत्या महिन्यात साफ करायची, हेही नकाशासह नोंदवावे.

शेवटी दहा वर्षांच्या कामांचे वार्षिक तुकडे पाडून प्रत्येकाचा खर्च मांडावा. देखरेखीचा खर्च वेगळ्या शीर्षाखाली दाखवावा, नाहीतर निधी कमी पडला की पहिली कात्री त्यालाच लागते. पाचव्या वर्षी मोजणीच्या नोंदी समितीपुढे ठेवून, ज्या कामाचा परिणाम दिसत नाही ते बदलण्याची तरतूद आराखड्यातच असावी.