मुंबई ते मुरूड शिडाच्या होडीने: चार दिवसांची आखणी

मुंबईहून मुरूडला शिडाच्या होडीने जाणे तुलनेने सोपे असते. अवघड असते ते परत येणे. हिवाळ्यात या किनाऱ्यावर पहाटे जमिनीकडून मतलई वारा वाहतो आणि दुपारी वायव्येकडून खारा वारा सुटतो, जो जाताना पाठीशी असतो, परतताना मात्र तोंडावर येतो. म्हणून सुमारे ४० सागरी मैलांच्या या अंतरासाठी येऊनजाऊन चार दिवस आणि चार माणसे धरावीत, आणि आखणी परतीच्या दिवसापासून सुरू करावी. हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच उत्तम.

दिवस ठरवताना आधी पंचांग उघडावे. तिथीच्या आकड्याला पाऊणाने गुणले की भरतीची ढोबळ वेळ मिळते. त्यानुसार अष्टमीला सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती येते. नेमक्या वेळांसाठी भरती-ओहोटीचे छापील तक्ते पाहावेतच, पण निघण्याचा दिवस अष्टमीच्याच आसपासचा निवडावा. तेव्हा भांगाची, म्हणजे कमी चढउताराची भरती असल्याने प्रवाहाची ओढ कमी असते, आणि सहाला सुरू होणारी ओहोटी होडीला आपोआप बंदराबाहेर नेते. उधाणाच्या, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या आसपासच्या मोठ्या भरतीच्या दिवशी मुंबईत पाणी चार मीटरहून अधिक चढते-उतरते. नवख्या मंडळींनी त्या वाटेला जाऊ नये.

बंदरातून बाहेर पडताना मोठ्या जहाजांचा मार्ग शक्य तितक्या काटकोनात आणि विनाविलंब ओलांडावा. शिडाच्या होडीला सगळ्यांनी वाट द्यायची असते, हा समज इथे धोक्याचा आहे. अरुंद जलमार्गात २० मीटरपेक्षा लहान होडीने आणि शिडाच्या कोणत्याही नौकेने जहाजाची अडवणूक करू नये, असा आंतरराष्ट्रीय नियमच आहे. पुढे अलिबागजवळ थळ गाव आणि खांदेरी बेटाच्या पट्ट्यात डोल जाळ्यांचे (प्रवाहात रोवून ठेवलेल्या मासेमारीच्या जाळ्यांचे) खुंट आणि तरंगते बोये असतात, ते अंधारात दिसत नाहीत. त्यामुळे मतलई वाऱ्याचा कितीही मोह झाला तरी झुंजुमुंजू होण्याआधी नांगर उचलू नये.

पहिल्या दिवशी खांदेरीच्या परिसरात दुपारपर्यंत थांबावे, कारण अष्टमीला बाराच्या सुमारास ओहोटी पूर्ण झालेली असते आणि रेवदंड्याच्या खाडीच्या तोंडाशी पाणी उथळ असते. खारा वारा सुटल्यावर निघाले की साधारण तीन तासांत, पाणी निम्म्याहून अधिक चढलेले असताना, डावीकडे रेवदंडा आणि उजवीकडे कोर्लईचा डोंगर ठेवून आत शिरता येते.

नांगर टाकण्याचा हिशेब मात्र काटेकोर हवा. समजा, ओहोटीला खोली ३ मीटर आहे, भरतीने ती आणखी ३ मीटर वाढणार आहे आणि होडीची नाळ (पुढचे टोक) पाण्यापासून १ मीटर उंच आहे. तर एकूण ७ मीटरच्या पाचपट, म्हणजे ३५ मीटर दोर सोडावा. पहिल्या फेरीत मी ओहोटीची खोली पाहूनच दोर मोजला आणि मध्यरात्री भरतीने नांगर उचलला गेला; आम्हाला जाग आली ती शेजारच्या मचव्यावरून कुणीतरी दिलेल्या शिव्यांनी.

चौघांत एकच नाखवा (होडीचा प्रमुख) असावा आणि सुकाणूवर दोन-दोन तासांची पाळी असावी. माणूस पाण्यात पडल्यास काय करायचे याचा सराव निघण्याआधी, बंदरातच करावा. पिण्याचे पाणी माणशी रोज ४ लिटर धरून वर एका दिवसाचा साठा ठेवावा. लाइफ जॅकेट, ओळखपत्रे, होडीची कागदपत्रे आणि व्हीएचएफ (सागरी रेडिओ) संच सोबत असावा. संच १६ क्रमांकाच्या चॅनलवर ठेवावा आणि तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक प्रत्येकाला पाठ असावा.

दुसऱ्या दिवशी मुरूड गाठून राजपुरीच्या खाडीत, जंजिऱ्याच्या वाहतुकीपासून दूर, मुक्काम करावा. परतीचे दोन्ही दिवस मतलई वारा असेपर्यंत किनाऱ्यालगत उत्तरेकडे जितके सरकता येईल तितके सरकावे. तो पडला की वाऱ्याविरुद्ध नागमोडी जावे लागते, किंवा सरळ इंजिन सुरू करावे. त्यात कमीपणा काही नाही, फक्त दोन्ही दिवस पुरेल इतके डिझेल आधीच भरून ठेवावे. चौथ्या दिवशी, एकादशीला, दुपारी दोननंतर भरती सुरू होते. तोवर खांदेरी मागे टाकली असेल, तर तेच पाणी होडीला अंधार पडायच्या आत बंदरात आणून सोडते.